चक्करवाल्या मॅडम

“चल, एक चक्कर मारून येऊ.”

समोर पोरगं उभं राहिलं की त्या एवढंच म्हणायच्या आणि चपला सरकवून चालायला लागायच्या. शाळेनं त्यांना खोली दिली होती, खोलीत टेबल आणि दोन खुर्च्या होत्या, दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी होती. त्या खुर्चीवर बसलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत. मैदानाच्या कडेनं त्या पुढं आणि पोरगं अर्धं पाऊल मागं, अशा त्यांच्या फेऱ्या चालायच्या. माझा नववीचा गणिताचा वर्ग पहिल्या मजल्यावर, मैदानाकडं खिडक्या. मी फळ्यावर समीकरण सोडवत असायचो आणि वर्गातली निम्मी मुलं खिडकीतून फेऱ्या मोजत असायची. “सर, आज पाच झाल्या. काहीतरी मोठं असणार.”

मी त्यांना एकदा विचारलं, “मॅडम, बसून का नाही बोलत?”

“समोर बसवलं की लेकरं मान खाली घालतात, सर. चालताना कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही. मग बोलतात.”

त्या मूळच्या परभणीकडच्या. नवरा चाकणला एका कंपनीत, घर सांगवीला. आठवड्यातून दोन दिवस स्कूटरवरून यायच्या, सोमवारी आणि गुरुवारी. वय चाळिशीच्या आसपास. हातात स्कूटरची किल्ली, आणि ती बोटाभोवती सारखी फिरत असायची. स्टाफरूममध्ये चहा घ्यायच्या तोही उभ्यानं, खिडकीशी. आमच्यातल्या काहींना त्यांचा त्रास व्हायचा. “बाई जरा टेकल्या तर आपल्यालाही बरं वाटेल,” असं एक सहकारी म्हणायचे. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल. त्याला पाहिलं की आपण उगीच बसून आहोत असं वाटायला लागतं.

आमची शाळा चिखलीच्या पुढं. एका बाजूला छोट्या कारखान्यांच्या शेड, दुसऱ्या बाजूला नव्या सोसायट्या, आणि मधे जुनं गाव. त्यामुळं वर्गात दोन जातीची मुलं. म्हणजे जात ती नव्हे. एक गावची, ज्यांच्या बापांच्या जमिनींवर या सोसायट्या उभ्या राहिल्या. दुसरी भाड्याच्या खोल्यांतली, लातूर, बीड, सोलापूरकडून आलेली, ज्यांचे बाप तिन्ही शिफ्टमध्ये फिरतात. एकाच बाकावर बसायची, एकच डबा खायची. तरी कोण कुठला हे पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कळलेलं असायचं.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात नाच नको, नववीनं एक छोटा सिनेमा करावा, असं मॅडमनी सुचवलं. विषय मुलांनीच निवडायचा. मुलांनी चार दिवसांत गोष्ट लिहून आणली. शाळेत नवीन मुलगा येतो, दादा टोळी त्याला मारते, मग तो व्यायाम करून शेवटी सगळ्यांना लोळवतो. शेवटच्या मारामारीसाठी संथ गतीचं चित्रण आणि धुराची सोयही त्यांनी लिहिली होती.

मॅडमनी ते उभ्या उभ्या वाचलं. “छान आहे. मला एक सांगा, तुमच्यात असं मारतंय का कुणी?”

“नाही मॅडम.”

“मग नवीन पोराला काय करता?”

शेवटी सानिका म्हणून एक मुलगी होती, कॅमेरा तीच करणार होती, ती म्हणाली, “काहीच करत नाहीत, मॅडम. बघतात फक्त.”

“कसं बघतात?”

“म्हणजे... तो काहीतरी बोलतो, आणि सगळे एकमेकांकडं बघतात. मग त्याला कळतं.”

मी मागं उभा होतो. मला माझी स्वतःची नववी आठवली, तीस वर्षांपूर्वीची.

“हाच तुमचा सिनेमा,” मॅडम म्हणाल्या. “मारामारी काढून टाका. बघणं दाखवा.”

मग नवीन गोष्ट तयार झाली. नवीन मुलगा, त्याला टोळीत घ्यायचं तर तीन ‘टास्क’. पहिला टास्क सोपा, दुसरा जरा लाजिरवाणा, तिसरा धोक्याचा. कुणीही त्याला कर म्हणत नाही. सगळे फक्त वाट बघत उभे राहतात. नवीन मुलाचं काम ओंकारला मिळालं, जो खरोखरच त्या जूनमध्ये अहमदपूरकडून आला होता. म्होरक्या झाला विराज. त्याचं घर गावातलं जुनं, वडील शाळेच्या कमिटीवर. उंच, देखणा पोरगा. वर्गात शिरला की बाकीचे नकळत सरकून जागा करायचे.

चित्रीकरण शाळेच्या गच्चीवर चालू होतं. एक साधा प्रसंग. विराज म्हणतो, “रविवारी दहाला ये,” आणि ओंकारनं म्हणायचं, “येतो.” एवढंच. ओंकारला ते म्हणता येईना. तोंड उघडायचा, आवाज यायचा नाही. सहा वेळा झालं. पोरं हसायला लागली, सानिका वैतागली. सातव्या वेळी कॅमेरा बंद झाल्यावर विराज त्याच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटला.

मॅडम दोन हातांवर होत्या. त्यांनी ते ऐकलं. विराज म्हणाला होता, “खरंच ये हं.”

“ओंकार,” त्या म्हणाल्या, “चल, एक चक्कर मारून येऊ.”

त्या दिवशी अकरा फेऱ्या झाल्या. मी मोजल्या. आठव्या फेरीला पोरगं थांबलं आणि बाहीनं तोंड पुसायला लागलं. मॅडम थांबल्या नाहीत, चालत राहिल्या, आणि ते पुन्हा पळत जाऊन त्यांच्या बरोबरीनं चालायला लागलं.

शाळेच्या मागं एका इमारतीचं काम अर्धवट बंद पडलेलं होतं. दोन विंग शेजारी शेजारी, पाच मजल्यांच्या, कठडे नसलेल्या. दोन्ही गच्च्यांच्या मधे चारएक फुटांची फट. रविवारी सकाळी दहाला तिकडं जायचं, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारायची, कुणीतरी मोबाइलवर चित्रण करायचं आणि ते ग्रुपवर टाकायचं. मग तुम्ही ‘आपले’. तिघांनी मारली होती म्हणे. त्यातला एक महिनाभर लंगडत होता. बाथरूममध्ये पाय घसरला असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं, मलासुद्धा, आणि मी त्याला जपून चालायचा सल्ला दिला होता. ग्रुपवर वर्गातली तीसेक मुलं होती. तीसही जणांना माहीत होतं. आता या रविवारी ओंकारची पाळी.

मॅडम तडक मुख्याध्यापकांकडं गेल्या. तिथून बाहेर आल्या तेव्हा किल्ली फार जोरात फिरत होती.

“काय म्हणाले?”

“शाळेच्या आवाराबाहेरचं आहे म्हणाले. त्यात रविवार. पालकांना सोमवारी बोलावू म्हणाले.”

“सोमवारी?”

“हो ना.” त्या हसल्या, पण ते हसणं नव्हतं.

ओंकारच्या वडिलांना त्यांनी दोन दिवस फोन लावला. ते शिफ्टवर, मोबाइल लॉकरमध्ये. ओंकार हात जोडत होता, “घरी सांगू नका मॅडम, पप्पा मला गावाकडं नेऊन घालतील.” जाऊ नकोस म्हटलं तर म्हणाला, “नाही गेलो तर सोमवारी शाळेत कसा येऊ?” हे त्यानं ज्या साधेपणानं विचारलं, त्यानं आपण हादरलो, असं मॅडमनी मला नंतर सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी माझा फोन वाजला.

“सर, उद्या सकाळी काय करायलात?”

“भाजी आणणार आहे.”

“आधी माझ्यासोबत या. भाजी नंतर घेऊ.”

साडेनऊला आम्ही त्या इमारतीखाली होतो. सगळीकडं वाळू, गंजलेल्या सळया, सिमेंटची फुटकी पोती. जिन्याला कठडा नाही. मी भिंतीला धरून चढत होतो, मॅडम पुढं, साडीचा घोळ एका हातात धरून. तिसऱ्या मजल्यावर वरून आवाज ऐकू आले, म्हणजे पोरं आधीच आली होती.

गच्चीवर पोचलो तर सात मुलं. सहा एका बाजूला उभी, एकाच्या हातात मोबाइल तयार. आणि ओंकार कडेपासून दहा पावलांवर, पळायच्या तयारीत, बूट काढलेले.

मी “ए!” म्हणून ओरडणार, तेवढ्यात मॅडमनी माझं मनगट घट्ट धरलं. “ओरडू नका. दचकेल.”

आणि मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्या सरळ पोरांच्या मधे गेल्या आणि एका सिमेंटच्या पोत्यावर बसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहिलं.

“दमले रे बाबांनो,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “पाच मजले! पाणी आहे का कुणाकडं?”

पोरं गोंधळली. ओरडा बसेल, कान पिरगाळला जाईल, यासाठी ती तयार होती. पाण्यासाठी तयार नव्हती. शेवटी विराजनं सॅकमधून बाटली काढून दिली. मॅडम सावकाश पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं.

“बसा की सगळे. ओंकार, तू पण ये. बूट घाल आधी, सळया आहेत.”

ओंकार आला. मी खाली बसलो.

“मी एकच विचारते. उत्तर तोंडानं द्यायचं नाही. सगळ्यांनी डोळे मिटा. सर, तुम्ही पण. आता इथं घडतंय हे ज्याला नको होतं, त्यानं हात वर करायचा. डोळे उघडायचे नाहीत. मी कुणाचं नाव घेणार नाही.”

मी डोळे मिटले, पण पूर्ण नाही. शिक्षक आहे, सवय जात नाही. खाली रस्त्यावरून एक डंपर खडखडत गेला. मग ओंकारचा हात वर गेला, खांद्यापर्यंतच. मग त्या लंगडणाऱ्याचा. मग ज्याच्या हातात मोबाइल होता त्याचा, मोबाइलसकट. एक एक करत सहा झाले. सर्वांत शेवटी, फार वेळानं, विराजचा.

“हात तसेच ठेवा,” मॅडम म्हणाल्या. “आता डोळे उघडा.”

सातही पोरं हात वर करून एकमेकांकडं बघत राहिली. कुणी हसलं नाही. लंगडणारा पोरगा अगदी हळू म्हणाला, “च्यायला. मग मी कशाला मारली उडी?”

बाकीच्यांनी हात खाली घेतले तरी विराजचा हात तसाच वर होता. त्याच्या लक्षातच नसावं.

जिना उतरताना तो माझ्या मागं होता. चौथ्या मजल्यावर म्हणाला, “सर, मी मारलेलीच न्हाई उडी.”

“म्हणजे?”

“गावातल्या मोठ्या पोरांनी मला सांगितलं व्हतं मारायला. मी एकटाच आलो, बघून घाबरलो, अन् मारली म्हणून सांगितलं. मग ते म्हणले, आता तुझ्या पोरांकडून करून घे.” शाळेत तो शुद्ध बोलायचा. त्या जिन्यात त्याच्या तोंडून घरची भाषा आली. “मॅडमना सांगू नका.”

मी सांगितलं नाही. मला वाटतं त्यांना गच्चीवरच कळलं होतं.

नंतर आम्ही खरोखर भाजी घ्यायला गेलो. मी मेथीची जुडी उचलली तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून परत ठेवली. “जून आहे. तुमचं आज लक्ष नाही.” त्यांच्याही हातून किल्ली दोनदा खाली पडली.

सिनेमाचा शेवट मुलांनीच बदलला. तिसरा टास्क, गच्ची, मिटलेले डोळे, वर गेलेले हात. चित्रीकरण वर्गातच केलं, फरशीवर खडूनं दोन रेघा ओढून. सानिकानं कॅमेरा शेवटी फक्त हातांवर ठेवला. सतरा मिनिटांचा सिनेमा. स्नेहसंमेलनात तो सुरू असताना माझ्या शेजारी बसलेली एक आई सारखी मागं वळून आपल्या मुलाकडं बघत होती.

तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण सिनेमा संपल्यावर मुलं मंचावर आली, आणि माईक विराजच्या हातात होता. तो म्हणाला, “ही खरी गोष्ट आहे. माझ्यामुळं झालेली.” त्याचे वडील पहिल्या रांगेत होते. ते टाळ्या वाजायच्या आत उठून गेले.

सोमवारी एक कागद स्टाफरूममध्ये आला. समुपदेशक मॅडमनी परवानगी न घेता विद्यार्थ्यांना धोक्याच्या ठिकाणी नेलं, शाळेची बदनामी होईल असा कार्यक्रम सादर केला, सबब त्यांची सेवा थांबवावी, खाली सही करणार शिक्षक. शिपाई एकेका टेबलावर कागद ठेवायचा आणि बाजूला उभा राहायचा.

नेलं नव्हतं. मुलं आधीच तिथं होती. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, कारण मी तिथं होतो. मी वह्या तपासायला घेतल्या. एकच वही तीनदा तपासली. उठून पाणी प्यायलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी बोलावलं. “सर, तुमचं नाव कागदात कुठं आलेलं नाही. मी येऊ दिलं नाही. एवढं लक्षात घ्या.” परत आलो तेव्हा कागद माझ्या टेबलावर होता. वर बऱ्याच सह्या झालेल्या. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं, आणि सगळे बघत होते.

मी सही केली.

ओंकार, विराज आणि त्या पाच जणांनी मिळून मुख्याध्यापकांना एक अर्ज दिला होता, हे मला नंतर समजलं. सगळा प्रकार त्यात खरा खरा लिहिला होता. खाली सात नावं. तो अर्ज ड्रॉवरमध्ये गेला. विराजला घरी मार बसला, तरी त्यानं नाव मागं घेतलं नाही.

गुरुवारी मॅडम आपलं सामान न्यायला आल्या. सामान म्हणजे एक पाण्याची बाटली आणि मुलांनी काढलेली चित्रं. मी जिन्यात त्यांना गाठलं. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो.

“तुमची सही खालून तिसरी आहे,” त्या म्हणाल्या. “दाखवला मला कागद.”

“मॅडम, मी...”

“खालून तिसरी म्हणजे बराच वेळ थांबलात, सर.” टोमणा नव्हता तो. त्यांनी खरंच ते माझ्या बाजूनं धरलं होतं. “असू द्या. ओंकारकडं लक्ष ठेवा.”

आणि त्या उतरून गेल्या.

पुढच्या वर्षभरात त्या सह्यांतल्या चौघांशी मी वेगवेगळं बोललो. चौघंही म्हणाले की त्यांना सही करायची नव्हती. एक बाई रडल्या. “तुम्ही सगळे करताय म्हणून केली हो,” त्या मला म्हणाल्या. मला!

ओंकार दहावी होऊन आयटीआयला गेला. विराजचं मला फारसं कळलं नाही, रस्त्यात दिसला तर गाडी थांबवून नमस्कार करतो. सानिका ताथवड्याला डिप्लोमा करते. तिनंच दोन वर्षांनी मला सांगितलं, “सर, मॅडम राजगुरुनगरकडं एका शाळेत आहेत.”

तरी आठ महिने गेले. रोज वाटायचं या शनिवारी जाऊ. शनिवार आला की काहीतरी निघायचं. शेवटी एका सकाळी चहा अर्धा टाकून उठलो आणि निघालो. चाकणच्या चौकात तासभर अडकलो. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, आणि मी गाडीत मोठ्यानं वाक्यं म्हणून बघत होतो. ‘मॅडम, मी तेव्हा बोलायला हवं होतं.’ ‘मॅडम, मी भ्यालो.’ एकही वाक्य नीट बसत नव्हतं.

शाळा रस्त्यापासून आत, शेताला लागून होती. शिपाई म्हणाला, “मॅडम व्हय? त्या गेल्या की मागल्या महिन्यात. मिस्टरांची बदली झाली, तिकडं लांब कुठंतरी गुजरातला.”

“नंबर आहे का नवीन?”

“ऑफिसात असंल. पण क्लार्क आज न्हाई आला.”

मी आवारातल्या पारावर बसलो. लगेच गाडीत जाऊन बसणं जमेना. मधली सुट्टी झाली. मुलं बाहेर सांडली. सहावी-सातवीतली एक मुलगी, दोन वेण्या, हातात अर्धा खाल्लेला पेरू, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुम्ही कुणाचे पप्पा?”

“इथं कुणाचाच नाही. तुमच्या मॅडमना भेटायला आलो होतो.” मी नाव सांगितलं.

“त्या गेल्या.”

“कळलं आत्ताच.”

ती गेली नाही. पेरूचा एक चावा घेतला. “त्या जाणार होत्या ना, त्या दिवशी आमच्या वर्गात आल्या होत्या. सगळ्यांना रडायला येत होतं. पण कोणीच रडत नव्हतं.”

“का?”

“काय माहीत. सगळे एकमेकांकडं बघत होते.”

“मग?”

“मग मी रडले.”

“एकटीच?”

“हो.”

“मग सगळे हसले असतील तुला.”

ती माझ्याकडं असं बघायला लागली, की एवढा मोठा माणूस आणि एवढंही कळू नये.

“नाही,” ती म्हणाली. “मग सगळेच रडले.”

घंटा झाली. पेरू खिशात कोंबून ती वर्गाकडं पळाली.